कुत्र्यांचा घरगुती खाऊ वीकेंड बाजारात विकायचा असेल तर

बाणेर-खराडीच्या सोसायट्यांतली प्रदर्शनं असोत, वांद्र्याचा रविवारचा बाजार असो की दिवाळीआधीचे स्टॉल, कुत्र्यांच्या घरगुती खाऊला आता गिऱ्हाईक नक्की आहे. हा धंदा बिघडतो तो सहसा चवीमुळे नाही. चव कुत्रे सांभाळून घेतात. बिघडतो तो खाऊत राहिलेल्या ओलाव्यामुळे. घरगुती मालात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणून खाऊ टिकवणारी एकच गोष्ट तुमच्या हातात उरते, ती म्हणजे सुकवणं. पाककृती, पॅकिंग, किंमत, पावसाळ्यातलं वेळापत्रक, सगळं त्यावरूनच ठरतं.

सुरुवातीला तीनच प्रकार ठेवा: नाचणी-रताळ्याची बिस्किटं, रताळ्याच्या सुकवलेल्या चकत्या आणि चिकन जर्की, म्हणजे चिकनच्या सुकवलेल्या पट्ट्या. शाकाहारी दोन (बिस्किटांत अंड्याऐवजी जवस घातलं तर) आणि मांसाहारी एक, हे प्रमाण मुद्दाम आहे. काही सोसायट्या आणि बाजार मांसाहारी माल ठेवूच देत नाहीत. स्टॉलचे पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा: चिकन चालेल का आणि बाजारात कुत्रे आणायला परवानगी आहे का. दुसऱ्याचं उत्तर नकारार्थी असेल तर अर्ध्याहून कमी माल न्या.

बिस्किटं

एका घाण्याला नाचणीचं पीठ ४०० ग्रॅम, मिक्सरमध्ये दळलेले साधे ओट्स २०० ग्रॅम, उकडून कुस्करलेलं रताळं ३०० ग्रॅम, बिनमिठाचं दाण्याचं बटर १२० ग्रॅम, अंडी २ आणि लागेल तसं १०० ते १५० मिलि पाणी. मीठ, साखर, गूळ, बेकिंग पावडर काही नको. अंड्याऐवजी २ मोठे चमचे जवसाची पूड ६ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घातली तरी मिळून येतं.

दाण्याचं बटर घरीच करा आणि दाणे निवडायला वेळ द्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा एकही दाणा जाऊ देऊ नका. ओलसर साठवलेल्या दाण्यांत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं, भाजून ते पुरतं जात नाही आणि कुत्र्यांच्या यकृताला ते फार घातक असतं. विकतचं बटर वापरणार असाल तर डब्यावरचे घटक वाचा. ‘शुगर-फ्री’ बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं आणि ते थोडंसंही कुत्र्याच्या जिवावर बेततं. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, जायफळ, मॅकाडेमिया, कॉफी हेही कुत्र्यांना बाधतं, म्हणून घाणा सुरू असताना त्या ओट्यावर आणि त्या भांड्यांत ते येऊच देऊ नका. घरात केकच्या ऑर्डरीही घेत असाल तर कुत्र्यांच्या खाऊची लाटणी, पाट आणि ट्रे वेगळे ठेवा.

पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट भिजवा. नाचणीत ग्लूटेन नसल्यामुळे कडा चिरतात. अशा वेळी पाणी न वाढवता आणखी दोन चमचे रताळं घाला. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून ४ सेंटिमीटरच्या कटरने कापा आणि प्रत्येक बिस्किटाला काट्याने टोचे मारा, नाहीतर ते मधोमध फुगतं आणि फुगलेल्या पोकळीत वाफ कोंडते. जाडी सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ८ मिलिमीटर असेल तर पातळ बिस्किटं करपेपर्यंत जाड आतून ओलीच राहतात.

१७० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजून झालं की बिस्किटं उलटा, ओव्हन १०० अंशांवर आणा आणि पंखा चालू ठेवून आणखी दीड ते दोन तास सुकवा. दाराच्या फटीत लाकडी उलथन्याचा दांडा अडकवा, म्हणजे वाफ बाहेर पडेल. पुष्कळ जण पहिल्या २५ मिनिटांवरच थांबतात. त्या वेळी बिस्किट बाहेरून खुटखुटीत लागतं, पण आत पाणी असतं, आणि पाऊचमध्ये ते पाणी पुन्हा सगळीकडे पसरतं.

सुकलं की नाही हे हाताने ठरवू नका. ट्रेचं वजन करा, तासभर आणखी सुकवा, परत वजन करा. घट एक टक्क्याहून कमी असेल तर झालं. दुसरी परीक्षा रात्रीची: पाच-सहा बिस्किटं पूर्ण गार करून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. सकाळी काचेवर दमटपणा दिसला किंवा बिस्किट कटकन न मोडता वाकलं, तर अख्खा घाणा परत ओव्हनमध्ये गेला पाहिजे.

वर दिलेल्या मापातून सुमारे ८०० ग्रॅम, म्हणजे १६०-१७० बिस्किटं निघतात. तुमच्याकडे याच मापातून ९५० ग्रॅम भरली तर खूश होऊ नका. तेवढं पाणी आत आहे.

चिकन आणि रताळ्याच्या चकत्या

बोनलेस चिकन अर्धा तास फ्रीझरमध्ये कडक करून ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढा, चरबी पूर्ण काढून टाका. चरबी सुकत नाही, खवट होते. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी पट्ट्या ओव्हनमध्ये किंवा वाफेवर शिजवून आतलं तापमान ७४ अंशांवर न्या, प्रोब थर्मामीटरने तपासा आणि मगच ६५-७० अंशांवर सुकवायला ठेवा. थेट सुकवलं तर मांस आधी कोरडं होतं, आणि कोरड्या मांसातले साल्मोनेलासारखे जिवाणू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. एक किलो चिकनमधून २६० ते २८० ग्रॅमच जर्की हाती येते. पट्टी वाकवल्यावर तडकून मोडली पाहिजे. रबरासारखी वळली तर आणखी सुकवा. हाडासकट कोणताही प्रकार करू नका. शिजलेलं हाड टोकदार फुटतं.

रताळ्याच्या चकत्या सोप्या आहेत: साल काढून ५ मिलिमीटर जाडीच्या कापा, पाच मिनिटं वाफवा, ६० ते ६५ अंशांवर ६ ते ८ तास सुकवा. ओटीजीचं (घरगुती छोट्या ओव्हनचं) तापमान बहुधा इतकं खाली येत नाही, म्हणून यासाठी डिहायड्रेटर, म्हणजे खाद्यपदार्थ सुकवायचं यंत्र, घेणं बरं.

पावसाळा आणि पॅकिंग

जून ते सप्टेंबर पुण्यात, आणि मुंबई-कोकणात तर त्याहून जास्त, नीट सुकवलेला खाऊसुद्धा उघड्यावर ठेवला की तासाभरात सादळतो. गरम भरला तर पाऊचमध्ये पाणी सुटतं, गार करायला ट्रेवर ठेवला तर हवेतली ओल ओढून घेतो. उपाय असा: ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा, पाऊण तास आतच निवू द्या, मग थेट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढा आणि त्याच दिवशी पाऊच भरा.

पाऊच ॲल्युमिनियमचा थर असलेले झिपवाले घ्या आणि झिपच्या वर हीट सीलर फिरवाच. कागदी खिडकीवाले पाऊच दिसतात छान, पण त्यांतून ओल आत जाते. सिलिका जेलची पुडी टाकणार असाल तर ती पाऊचच्या आतल्या बाजूला चिकटवा. सुटी पुडी कुत्रा खाऊबरोबर गिळतो.

टिकण्याची मुदत दुसऱ्याच्या पाकिटावरून उचलू नका. प्रत्येक घाण्यातले दोन-तीन पाऊच विकायचे नाहीत, ते स्वयंपाकघरातल्या साध्या फळीवर ठेवायचे आणि मुदत संपेपर्यंत थोड्याथोड्या दिवसांनी एकेक उघडून वास येतो का, खाऊ कटकन मोडतो का, बुरशी आहे का ते पाहायचं. या पद्धतीच्या बिस्किटांना ६ आठवडे आणि पावसाळ्यात ४ लिहिणं सुरक्षित आहे. दाण्यातलं तेल त्यानंतर खवट व्हायला लागतं. जर्कीवर ३ आठवडे आणि ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा’ असं लिहा.

कागदपत्रं आणि लेबल

कुत्र्यांच्या खाऊलाही एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना लागतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये ‘अन्न’ म्हणजे माणसांचं अन्न, पशुखाद्य त्यातून वगळलेलं आहे. घरगुती बेकिंगसाठी काढलेला तुमचा एफएसएसएआय क्रमांक कुत्र्यांच्या पाऊचवर छापू नका. त्याने गिऱ्हाईकाची दिशाभूल होते. लागू होतात ते वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापांचे नियम: पॅकबंद वस्तू नियम, २०११ प्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, प्रति ग्रॅम किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हे पाऊचवर हवं. माल पॅक करायला लागल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा असतो. विक्रीच्या मालाला वापरता तो काटा वैधमापन विभागाकडून पडताळून मोहोर लावलेला पाहिजे, स्वयंपाकघरातला चालत नाही. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, शॉप ॲक्टची सूचना ऑनलाइन देता येते. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला जीएसटीची मर्यादा वार्षिक ४० लाखांची आहे, पण पुण्याचा माल घेऊन गोव्यातल्या बाजारात स्टॉल लावायचा म्हटलं तर ही सवलत धरून चालू नका, आधी सीएला विचारा.

कायद्यापलीकडे लेबलवर आणखी तीन गोष्टी असाव्यात. सगळे घटक उतरत्या वजनाने. घाण्याचा क्रमांक, जो तुमच्या वहीत तारखेसह असेल. आणि किती द्यायचं ते. खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये. पाच ग्रॅमच्या बिस्किटात साधारण २० कॅलरी धरा. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास लागतात, म्हणजे ३ बिस्किटं. तीस किलोच्या लॅब्रेडॉरला ७. बसून असणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला त्याहून कमी. ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असलं काही लिहू नका. ‘ग्रेन-फ्री’ हाही गुण म्हणून मिरवू नका. नाचणी बहुतेक कुत्र्यांना पचते, आणि ज्याला सोसत नाही त्याच्या मालकाला घटकांची यादी पुरते. पाऊचवर मोठ्या अक्षरात ‘फक्त कुत्र्यांसाठी’ असू द्या, कारण शेजारच्या स्टॉलवर नानकटाई असते आणि मुलं हात घालतात.

किंमत

शंभर ग्रॅमच्या पाऊचचा हिशेब मांडून पाहा. साहित्य १५ रुपये, पाऊच आणि लेबल १०, वीज ४. इथपर्यंत २९ झाले आणि इथेच थांबून पुष्कळ जण ६० रुपये किंमत लावतात. घाण्यामागे अडीच तास तुमचे हात गुंततात. तासाला १०० रुपये धरले तर ८ पाऊचमागे प्रत्येकी ३१. स्टॉलचं भाडं १,५०० आणि विक्री ४० पाऊच असेल तर प्रत्येकी ३७. चवीसाठी वाटलेला माल आणि तूटफूट ५. एकूण १०२. म्हणून १२० च्या खाली जाऊ नका, १४० योग्य. चिकनचा भाव ३५० असेल तर ५० ग्रॅम जर्कीत नुसतं मांसच ६५ रुपयांचं असतं. तिला २०० लागतातच. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण भाडं भागिले खरोखर विकलेले पाऊच हा भाग गाळू नका. पहिल्या बाजाराला ४० पाऊच न्यावेत, शंभर नव्हे.

स्टॉलवर

उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते दहा किंवा संध्याकाळी पाचनंतरचा बाजार निवडा. दुपारी डांबरावर कुत्र्यांचे पंजे भाजतात, मालक येतच नाहीत. जागा प्रवेशाजवळ मागा, स्पीकरपासून आणि खाद्यपदार्थांच्या स्टॉलपासून लांब. माल टेबलाच्या मागच्या अर्ध्यात ठेवा, पुढची कड रिकामी, कारण लॅब्रेडॉरचं तोंड टेबलापर्यंत सहज पोचतं. पट्टा टेबलाच्या पायाला बांधू देऊ नका. समोरून दुसरा कुत्रा गेला की टेबलासकट सगळं खाली येतं.

चव देताना तुकडा अर्ध्या सेंटिमीटरचा, चिमट्याने, आणि कुत्र्याला नाही तर मालकाच्या हातात. आधी विचारायचं: “काकू, ह्याला चिकन चालतं का? कशाची ॲलर्जी आहे का?” शाकाहारी आणि चिकनचे चिमटे वेगळे, गिऱ्हाईक ते बघतं. एका वेळी एकच कुत्रा टेबलाशी. खाऊवरून दोन ओळखीचे कुत्रेही भांडतात. सगळ्यांसाठी एकच पाण्याचं भांडं ठेवू नका, त्यातून आजार पसरतात. कागदी कप द्या. चिकनच्या वासाने बाजारातली मोकळी कुत्रीही जमतात. त्यांना स्टॉलवर खायला घातलंत तर ती तिथून हलणार नाहीत आणि पट्ट्यातले कुत्रे बिथरतील. काही द्यायचं असेल तर बाजार उठल्यावर, लांब जाऊन द्या. कुणाला दात किंवा नख लागलं तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवायला लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.

क्यूआर कोडबरोबर दहा-वीसच्या सुट्ट्या नोटाही ठेवा. एका वहीत कुत्र्याचं नाव, काय चालत नाही आणि मालकाचा नंबर लिहून घ्या. बुधवारी त्यांना मेसेज करा, गुरुवारी रात्री ऑर्डर बंद करा आणि शुक्रवारी तेवढाच घाणा जास्त घाला. बंद पाऊच उरले तर मुदतीत पुढच्या बाजाराला नेता येतात. स्टॉलवर उघडलेलं पाकीट मात्र परत सील करून विकायचं नाही.