सबॅटिकल रजेची फाईल: अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी

सात वर्षं नोकरी झाली की सबॅटिकल, म्हणजे अभ्यास-संशोधनासाठीची दीर्घ पगारी रजा, मिळते, असं स्टाफरूममध्ये सर्रास म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं नीट न वाचल्यामुळे चांगल्या चांगल्या अभ्यासकांचे अर्ज पहिल्याच टेबलावर अडतात आणि पुस्तक लिहायचं वर्ष हातचं जातं. ही रजा शिक्षकाच्या उभ्या कारकिर्दीत मिळून फार तर दोन वर्षं मिळते. म्हणून अर्ज टाइप करायला घेण्याआधी मोजणी करा.

आधी सात वर्षं कुठून मोजायची ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांत आठवं कलम रजांचं आहे: कर्तव्य रजा, अध्ययन रजा आणि सबॅटिकल. सबॅटिकलसाठी शिक्षक कायम आणि पूर्णवेळ असावा लागतो, आणि त्याची सात वर्षं सेवा सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदावर झालेली असावी लागते. जुन्या काळी रीडर (सहयोगी प्राध्यापकाचं आधीचं पदनाम) म्हणून झालेली सेवाही त्यात धरली जाते. सहायक प्राध्यापक म्हणून काढलेली वर्षं या सातात येत नाहीत.

आता हिशेब मांडा. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जायला चार वर्षं लागतात, ११ वरून १२ ला पाच आणि १२ वरून १३-ए ला तीन. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी सहयोगी प्राध्यापक व्हायला बारा वर्षं. त्यापुढे सात. अठ्ठाविसाव्या वर्षी रुजू झालेल्या माणसाची पात्रता सत्तेचाळिसाव्या वर्षी येते. सहायक प्राध्यापकाने सबॅटिकलचा अर्ज करण्यात काही अर्थ नाही. त्याच्यासाठी अध्ययन रजा आहे. ती सलग तीन वर्षांच्या सेवेनंतर मागता येते, एका वेळी साधारण तीन वर्षांपर्यंत आणि पूर्ण सेवेत पाच वर्षांपर्यंत मिळते. परतल्यावर किमान तीन वर्षं त्याच संस्थेत नोकरी करण्याचा बाँड मात्र लिहून द्यावा लागतो.

पदाची तारीख कोणती धरायची, यावरूनही घोळ होतो. स्थाननिश्चितीचा, म्हणजे वरच्या पदावर नेमल्याचा, आदेश हातात पडला ती तारीख वेगळी आणि पदोन्नती ज्या दिवसापासून लागू झाली तो देय दिनांक वेगळा. दोन्हींत दीड-दोन वर्षांचं अंतर असू शकतं. सात वर्षं देय दिनांकापासून मोजा आणि पुरावा म्हणून स्थाननिश्चितीचा आदेश व त्यावरून झालेल्या वेतननिश्चितीची प्रत, दोन्ही अर्जाला जोडा. सेवापुस्तकात ती नोंद झाली आहे का, हे आधी स्वतः पाहून घ्या. नोंद राहिली असेल तर अर्ज थांबवून ती पूर्ण करून घ्या. वरच्या कार्यालयातून त्रुटीचं पत्र येऊन फाईल परत फिरली की एक सत्र सहज जातं.

आणखी एक अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आधी अध्ययन रजा घेतलेली असेल, किंवा वर्षभराचं वा त्याहून मोठं एखादं प्रशिक्षण केलेलं असेल, तर तिथून परतल्यापासून पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सबॅटिकल मिळत नाही.

किती, केव्हा आणि कोणत्या पगारावर

एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष, आणि पूर्ण कारकिर्दीत दोन वर्षं. एक वर्ष ही कमाल मर्यादा आहे. एकाच सत्राची रजाही मागता येते, आणि छोट्या विभागात ती मंजूर होणं सोपं जातं. दोनच प्राध्यापक असलेल्या विभागातून एकाने वर्षभर जायचं म्हटलं की प्राचार्यांपुढे तासांचा प्रश्न उभा राहतो. सहा महिन्यांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो.

रजेच्या काळात पूर्ण वेतन आणि भत्ते मिळतात, रजेवर जाण्याच्या लगेच आधी जो दर लागू होता त्या दराने. वेतनवाढ ठरल्या तारखेला मिळते. रजा संपल्यावर तुम्ही त्याच संस्थेत रुजू झालात, तर हा काळ निवृत्तिवेतनासाठी किंवा भविष्य निर्वाह निधीसाठी सेवा म्हणून धरला जातो. आता ‘आधीचा दर’ आणि ‘ठरल्या तारखेला वेतनवाढ’ ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की पगारपत्रक करणारा लिपिक अडखळतो, आणि त्यात त्याची चूक नाही. मधल्या काळात महागाई भत्ता वाढला तर तो द्यायचा की नाही, हा प्रश्न त्याला पडणारच. म्हणून मंजुरी आदेशातच वेतनवाढीचा आणि भत्त्यांचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. वाहतूक भत्ता गृहीत धरू नका, कारण पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर असलेल्याला तो सहसा मिळत नाही.

नियमित नोकरी दुसरीकडे करता येत नाही, देशात नाही आणि परदेशातही नाही. फेलोशिप, संशोधन शिष्यवृत्ती किंवा मानधनावरचं तात्पुरतं अध्यापन चालतं. मात्र अशा वेळी रजा कमी वेतनावर मंजूर करण्याचा अधिकार विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाला आहे. शिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेची फेलोशिप असो की फुलब्राइट-नेहरू, मिळणाऱ्या रकमेचा आकडा अर्जातच लिहा. नंतर कळलं तर वसुली निघते, आणि पैशांपेक्षा विश्वासाचं नुकसान मोठं असतं.

या रजेचा उगम सांगताना हार्वर्डचं १८८० साल दिलं जातं. ज्यांना तिथे आणण्यासाठी ही सवलत पुढे केली गेली, ते चार्ल्स लॅनमन संस्कृतचे अभ्यासक होते. ग्रंथ आणि हस्तलिखितं यांच्यासाठी सलग वेळ लागतो, हे तेव्हाही कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

कामाचा आराखडा

विनियमांत ‘मंजूर करता येईल’ असं म्हटलं आहे, ‘मंजूर करावी’ असं नाही. म्हणजे पात्रता पूर्ण झाली तरी रजा हा हक्क ठरत नाही. अर्जासोबत रजेच्या काळातला कार्यक्रम मंजुरीसाठी द्यावा लागतो आणि निर्णय प्रामुख्याने त्यावर होतो. इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला.

‘संदर्भग्रंथांचे वाचन व पुस्तकाचे लेखन’ ही एक ओळ म्हणजे आराखडा नव्हे. समजा विषय आहे अठराव्या शतकातल्या जुन्नर भागातली पाणीव्यवस्था. मग आराखडा असा उतरतो:

जुलै ते सप्टेंबर: पुणे पुराभिलेखागार, पेशवे दफ्तरातील निवडक रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे). मोडीतून देवनागरी लिप्यंतर, आठवड्याला ३० कागद.
ऑक्टोबर: कागदांची विषयवार सूची, गावनिहाय तक्ता.
नोव्हेंबर व डिसेंबर: तक्त्यातील १५ गावांची क्षेत्रपाहणी, विहिरी-बारवांची मोजमापं आणि छायाचित्रं.
जानेवारी ते एप्रिल: चार प्रकरणांचा कच्चा मसुदा, महिन्याला एक.
मे: दोन तज्ज्ञांकडून वाचन, दुरुस्त्या.
जून: अंतिम अहवाल, एक शोधनिबंध प्रकाशनासाठी रवाना.

यातला आठवड्याला ३० हा आकडा मनाने लिहायचा नसतो. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस दफ्तरात बसायचं. रुमाल मागवायला किती वेळ जातो, एक सरळ कागद उतरवायला किती आणि घाईच्या हातातला, शाई उडालेला कागद उतरवायला किती, हे घड्याळ लावून पाहायचं आणि मग आकडा ठरवायचा. असा आकडा समितीसमोर टिकतो, आणि पुढे वर्षभर तुम्हालाही सांभाळतो. प्रयोगशाळेचं काम असेल तर यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र हवं. कोणतं उपकरण, आठवड्यातले किती दिवस, रसायनांचा खर्च कुणाचा, हे त्या पत्रात आलं पाहिजे. ‘आपले स्वागत आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र उपयोगाचं नाही.

आराखड्याच्या शेवटी विभागाला काय मिळणार, हे दोन-तीन वाक्यांत लिहा: नवा ऐच्छिक पेपर, विद्यार्थ्यांसाठी लिप्यंतर केलेल्या कागदांचा संच, असं काहीतरी. विनियमांत या रजेचा उद्देश शिक्षकाचं प्रावीण्य आणि विद्यापीठाला होणारा त्याचा उपयोग वाढवणं असाच दिला आहे. तो धागा अर्जात दिसला पाहिजे.

तासांची व्यवस्था आधीच करून द्या

नकार येतो तो बहुधा याच ठिकाणी. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांचा अध्यापनाचा भार आठवड्याला १४ तासांचा आहे. ते १४ तास कोण घेणार, याचा तक्ता अर्जाला जोडा. समजा सहा तास विभागातले सहकारी वाटून घेणार आणि आठ तासांसाठी तासिका तत्त्वावर शिक्षक लागणार. ज्यांनी तास घ्यायचं कबूल केलं त्यांच्या सह्या तक्त्यावर घ्या, पण त्यांचा स्वतःचा भार सहायक प्राध्यापकासाठी असलेल्या १६ तासांच्या फार पुढे जात नाही ना, हे आधी तपासा. तोंडी होकारावर राहू नका, वेळापत्रक लागलं की माणसं अडचणीत येतात. तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीला मंजुरी लागते आणि तिलाही वेळ जातो, म्हणून ती मागणी रजेच्या अर्जाबरोबरच पुढे सरकली पाहिजे.

तुमच्याकडे पीएच.डी.चे विद्यार्थी असतील तर रजेत त्यांचं मार्गदर्शन कसं चालणार, हेही लिहा. सहामाही प्रगती अहवालावर सही कोण करणार? परदेशी जात असाल तर या सहीवाचून विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अडकू शकते.

अर्ज कधी, कुणाकडे

जून-जुलैपासून रजा हवी असेल तर अर्ज आधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात द्या. विभागप्रमुखांची शिफारस, मग प्राचार्य, महाविद्यालय विकास समिती, संस्थेचं व्यवस्थापन, विद्यापीठाच्या परिनियमानुसार लागेल ती मंजुरी आणि पगाराच्या दृष्टीने विभागीय उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय, असा प्रवास असतो. विद्यापीठागणिक पायऱ्या बदलतात. आपल्या विद्यापीठाचा रजेचा परिनियम काढून वाचा. शेवटची मंजुरी कुणाची, हे प्राचार्यांमार्फत लेखी विचारून घ्या. संस्थेच्या बैठका ठरावीक महिन्यांतच होतात. एक बैठक चुकली की तीन महिने जातात. प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा.

मंजुरीआधी निघू नका, हे जोर देऊन सांगावंसं वाटतं. सेवार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून निघणारं पगारबिल आदेशाशिवाय अडतं, ही तात्कालिक अडचण झाली. त्याहून गंभीर परिणाम पदोन्नतीवर होतो. कॅसच्या, म्हणजे सेवाकाळावर आधारित पदोन्नती योजनेच्या, मूल्यमापनात सवेतन रजेचा काळ वगळून उरलेल्या काळाचं गुणांकन पूर्ण कालावधीला लावलं जातं आणि रजेमुळे शिक्षकाचं नुकसान होऊ नये, अशी तरतूद आहे. पण त्यासाठी रजा सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने घेतलेली असावी लागते. ‘कार्योत्तर मंजुरी मिळेल’ या भरवशावर गेलेल्या शिक्षकाला हे संरक्षण नीट मागता येत नाही.

परदेशी जायचं तर रजेच्या मंजुरीखेरीज परदेशगमनाची परवानगी आणि ना-हरकत पत्र वेगळं घ्या. संस्था हमीपत्र मागत असेल तर त्यातली रक्कम आणि वर्षं वाचूनच सही करा.

निघण्याआधी विभागाचा कार्यभार लेखी सोपवा: डेड स्टॉक रजिस्टर, कपाटांच्या किल्ल्या, अंतर्गत गुणांच्या याद्या, ग्रंथालयाची पुस्तकं. नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) कामातला एखादा निकष तुमच्याकडे असेल तर त्याची फाईल अर्धवट सोडू नका. रजेतल्या माणसाला रोज फोन जाऊ लागले की रजा नावालाच उरते.

रजेत आणि परतल्यावर

विषय मध्येच बदलावासा वाटला तर आधी कळवा आणि मान्यता घ्या. अध्ययन रजेत दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल सक्तीचा असतो. सबॅटिकलसाठी विनियमांत तसं कलम नाही, तरीही सहा महिन्यांनी दोन पानी अहवाल पाठवलेला बरा. दुसऱ्यांदा रजा मागताना तोच कामाला येतो.

परतीची तारीख उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत पडू देऊ नका, रुजू होण्याच्या तारखेवरून वाद होतात. रजा संपल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी ‘मध्यान्हपूर्व रुजू झालो’ किंवा ‘झाले’ असा रुजू अहवाल द्या आणि पोच घ्या. त्यानंतर महिनाभरात कामाचा सविस्तर अहवाल सादर करा: काय ठरवलं होतं, काय झालं, काय राहिलं आणि का. राहिलेलं लपवू नका. पंधरापैकी अकराच गावं पाहून झाली असतील तर अकरा लिहा.

शेवटी सेवापुस्तकात रजेची नोंद आदेश क्रमांकासह झाली का, वेतनवाढ योग्य तारखेला लागली का, हे स्वतः उघडून पाहा आणि त्या पानाची छायाप्रत घरी ठेवा. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव तयार होईल तेव्हा रजेच्या वर्षाचा हिशेब याच पानावरून लागणार असतो.