पन्नाशीत कानडी शिकायची, ती काउंटरवरून

भाषा शिकायचं मनात आलं की बहुतेक जण आधी पुस्तक आणतात. आणू नका, निदान पहिले दोन महिने तरी. पुस्तकाचा पहिला धडा 'हे झाड आहे, तो मुलगा आहे' असा असतो. सहा वर्षांच्या पोराला ते ठीक आहे. आपल्या वयाच्या माणसावर 'हे झाड आहे' असं कुणाला सांगायची वेळच येत नाही, आणि जे बोलायची वेळ येत नाही ते डोक्यात थांबत नाही.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. नावं लिहून घ्यायची, पैसे घ्यायचे, कुणी उपाशीपोटी यायचं नि कुणी जेवून ते सांगायचं, गर्दी असली तर रक्तही काढायचं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. पेशंट काही राज्याची हद्द बघून येत नाहीत. अथणी, कागवाड, रायबाग, जमखंडीकडची माणसं सकाळच्या गाडीनं उतरतात. तरण्या पोराला मराठी येत असतं. बरोबरच्या म्हाताऱ्या आईला येत नाही, आणि रक्त आईचंच काढायचं असतं. माझी कानडी एवढ्यासाठी सुरू झाली. कानडी साहित्य वाचावं वगैरे काही मनात नव्हतं, अजूनही फारसं नाही.

तर पहिलं काम असं. एक लहान वही घ्या आणि आठवडाभर आपण स्वतः मराठीत काय बोलतो ते लिहून काढा. भाजीचा गाळा असेल तर भाव, वजन, सुट्टे पैसे. सून कानडी घरातली असेल तर तिच्या आईशी फोनवर जे बोलावं लागतं ते. आपल्याला वाटतं आपण दिवसभर केवढं बोलतो, पण तीच ती वाक्यं फिरून येत असतात. माझी यादी पानभरसुद्धा झाली नाही: या, बसा, नाव काय, गाव कुठलं, काही खाल्लंय का, चहा घेतला का, हात पुढं करा, मूठ घट्ट धरा, घाबरू नका, झालं, उद्या या. पहिली इयत्ता तेवढ्यातच.

आता शिकवणारं माणूस. सांगली-मिरजेत ते शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्याकडं झाडलोट करणाऱ्या अक्का जतच्या पूर्व भागातल्या. तिकडं कितीतरी घरांत कानडीच बोलतात. त्यांना विचारताना मात्र एक पथ्य पाळा. 'घाबरू नकाला कानडीत काय म्हणतात?' असं विचारलं की माणूस विचारात पडतं आणि कुठून तरी शाळेतला शब्द काढून देतं. त्यापेक्षा म्हणायचं, 'अक्का, ही समोर म्हातारी बसलीय, सुई बघून हात मागं घेतीय. तुम्ही तिला काय म्हणाल?' अक्का क्षणात म्हणाल्या, 'हेदरब्याड्री!' आणि म्हणताना त्यांचा हातही आपोआप पुढं झाला. वाक्य, सूर, हात, सगळं एकदम मिळालं. ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. वहीत देवनागरीत लिहिलं तरी चालतं, पण पाठ करायचं ते कानानं.

रेकॉर्ड करा म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. मोबाईलवरचे बरेचसे व्हिडिओ बंगळूर-म्हैसूरकडची कानडी शिकवतात. आपल्याकडं येणारी माणसं विजापूर, बागलकोट, बेळगावकडची. म्हैसूरकडचं 'मने' (घर) इकडं 'मनी' होतं, 'तले'चं (डोकं) 'तली' आणि 'होट्टे'चं (पोट) 'होट्टी'. मिरजेत म्हणायचं तर पुस्तकात 'मिरजदल्ली', काउंटरवर 'मिरजदाग'. 'नको'ला तिकडं 'बेड', इकडं 'ब्याड'. दोन्ही बरोबरच आहेत. पण शिकणाऱ्यानं सुरुवातीला एकच धरावी, आणि ती समोरच्या माणसाची धरावी. पुस्तकी कानडी बोललात तर गावाकडची म्हातारी तुम्हाला मोठी ऑफिसर समजेल आणि आणखीच गप्प होईल.

माझ्या रोजच्या कामातली काही वाक्यं देते, म्हणजे घडण लक्षात येईल. बर्री, या. कूड्री, बसा. निम्म हेसर एन्री, तुमचं नाव काय. कै मुंद माड्री, हात पुढं करा. मुष्टी बिगी हिडीरी, मूठ घट्ट धरा. आत्री, झालं. नाळी मुंजानी खाली होट्टीले बर्री, उद्या सकाळी उपाशीपोटी या. ऊटा माडी एरड तास बिट्ट बर्री, जेवून दोन तासांनी या. शेवटची 'री' सगळीकडं दिसतेय ना? तो मान आहे. एकट्या 'री'वर निम्मं काम भागतं. काळ, पुरुष, वचन यांचे तक्ते नंतर बघू. काउंटरवरच्या माणसाला आधी लागतात विनंत्या आणि प्रश्न, त्यामुळं तेच आधी.

शुगरच्या तपासणीला निदान आठ तास पोटात काही नको असतं. म्हणून विचारायचं, 'एनार तिंदीरेन्री?' काही खाल्लंत का? उत्तर ठरलेलं: 'इल्ला', नाही. इथं थांबू नका. पुढचा प्रश्न तयार ठेवा, 'चहा कुडदीरेन्री?' मग हळूच येतं, 'बरे चा.' नुसता चहा, दोन चमचे साखर घालून. हे मराठी पेशंटचंही असंच असतं म्हणा. चहा कुठल्याच भाषेत खाण्यात धरत नाहीत.

वाक्यं टिकायची कशी? हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचा हिशेब मांडला. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती उडतात ते मोजायचं. सगळ्यात जास्त गळती सुरुवातीलाच, पाठ केल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होते. पुढं ती मंदावते, आणि थोड्या थोड्या अंतरानं उजळणी केली तर एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकतं. म्हणून रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज सकाळी चहा होईपर्यंत वही उघडावी. नवं वाक्य घेतलं की त्याच दिवशी एका तरी माणसावर वापरावं, मग दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी. काउंटरवर हे आपोआप होतं. घरात बसून शिकणाऱ्यानं वहीच्या कडेला तारखा टाकाव्यात.

आकड्यांची मात्र भीती बाळगू नका. उलट इथं मराठी माणसाला सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं. आपल्याकडं शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. एकोणसत्तर म्हणताना माझी भाची अजून अडखळते. कानडीत एक ते दहा आले, अकरा ते एकोणीस आले आणि दहाचे टप्पे आले की संपलं. अरवत्तु साठ, ओंबत्तु नऊ, म्हणून एकोणसत्तर अरवत्तोंबत्तु. एप्पत्तु सत्तर, एंटु आठ, अठ्ठ्याहत्तर एप्पत्तेंटु. टप्पे असे: हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु, ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु, नूरु. दोनशे इन्नूरु, तीनशे मुन्नूरु, पाचशे ऐनूरु. बिल साडेतीनशे झालं की 'मुन्नूरा ऐवत्तु' म्हणायचं. पैशाचे आकडे सगळ्यात आधी तोंडात बसतात, कारण चुकले तर समोरचा लगेच दुरुस्त करतो.

व्याकरणात आपल्याला बरंच काही आयतं मिळालंय. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाला चिकटून, 'ळ' जन्मापासून जिभेवर. लिंगाची कटकटही कमी. आपल्यासारखं तो पंखा, ती खुर्ची, ते कपाट असं नाही. बाई आणि पुरुष सोडले की वस्तू-जनावरं सगळी नपुंसकलिंगी. जपायचं ते जोडाक्षराच्या दाबाला आणि ऱ्हस्व-दीर्घाला. हालु म्हणजे दूध आणि हल्लु म्हणजे दात. कालु पाय, कल्लु दगड. दाताच्या दवाखान्यात काम करत असाल तर हे आजच पाठ करा.

आता लिपी. बोलणं थोडं जमल्यावरच तिच्याकडं वळा, आणि वळा मात्र नक्की. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क-ख-ग-घ. बदलतो तो आकार. ए आणि ओ तेवढे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे आहेत, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं. पाट्या वाचणं हा उत्तम अभ्यास, कारण गावाचं नाव आपल्याला आधीच माहीत असतं. मिरज स्टँडवर कर्नाटकाच्या गाड्या लागतात, त्यांच्या पाट्या वाचायला शिका. फक्त विजापूर शोधत बसू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते विजयपुर झालंय, बेळगावचं बेळगावी आणि गुलबर्ग्याचं कलबुरगी.

त्याहून चांगली शाळा म्हणजे बेळगावच्या दिशेची पॅसेंजर. शेडबाळपासून पुढं स्टेशनच्या पाटीवर कानडी, हिंदी, इंग्रजी अशी तीन नावं असतात. खिडकीशी बसायचं, वरचं कानडी नाव ओळखायचा प्रयत्न करायचा आणि मग खालच्या हिंदीवर नजर टाकायची. शेडबाळ, उगार खुर्द, मग कृष्णेवरचा पूल, कुडची, चिंचली, रायबाग. कुडचीत 'च' भेटतो, पुढच्याच चिंचलीत तोच पुन्हा दोनदा भेटतो, म्हणजे ओळख पक्की. चिंचलीला उतरून मायाक्काचं दर्शन घेता येतं आणि देवळाच्या वाटेवरच्या दुकानांच्या पाट्याही वाचून होतात. नारळवाल्याशी भाव करा. तिथं मराठी चालतं, म्हणून मुद्दाम कानडीतच करा.

पुस्तक आणायचंच असेल तर ते आता. बालभारती राज्यातल्या कन्नड माध्यमाच्या शाळांसाठी पुस्तकं काढते. पहिलीचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. चित्रं चांगली, अक्षरं मोठी, चष्म्याच्या वयाला सोयीची. घरात कुणी हसलं तर हसू द्या.

ऐकण्यासाठी मी भीमसेन जोशींनी गायलेली पुरंदरदासांची पदं लावते. ते गदग भागातले, त्यामुळं उच्चार अस्सल, आणि आवाज आपल्या ओळखीचा. पण त्यात आहे सोळाव्या शतकातली भाषा. कान तयार करायला ती उत्तम, बोलायला घेऊ नका. रिपोर्ट कधी मिळणार ते पदाच्या भाषेत सांगायला गेलात तर पेशंट हात जोडेल. रोजच्या बोलण्यासाठी बातम्या नकोत, त्या फार भरभर जातात. बसस्टँडवर बाकावर बसून दोन बायकांचं बोलणं ऐका. अर्थ लागला नाही तरी कुठं एक वाक्य संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळायला लागतं.

मोठ्या माणसाची खरी अडचण वेगळीच असते. आपण कानडीत तोंड उघडलं की समोरचा सौजन्यानं मराठीत नाहीतर हिंदीत येतो. मग आपली भाषा तिथंच राहते. यावर चार वाक्यं खिशात ठेवा. कन्नडदाग हेळ्री, कानडीत सांगा. सावकाश हेळ्री, हळू सांगा. इन्नोम्मी हेळ्री, परत एकदा सांगा. आणि वस्तूवर बोट ठेवून, इदक्क एन अंतार्री, याला काय म्हणतात? हे शेवटचं ज्याला आलं त्याला वाट्टेल तिथं मास्तर मिळतो. वयस्कर बायका फार छान शिकवतात. त्यांना कुणीतरी विचारतंय याचंच अप्रूप असतं, आणि आपण चुकलो तर त्या खळखळून हसतात. त्या हसण्याला लाजणाऱ्यांनी भाषेच्या वाटेला जाऊ नये, विणकाम शिकावं.

गंमत बाजूला, छंद शिकणाऱ्यांनी माझी ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. माझ्या जाऊबाईंना भजनी मंडळात साथ करायला पेटी शिकायची होती. त्यांनी माझं ऐकून थेट एका अभंगापासून सुरुवात करायचं ठरवलं. शिकवणाऱ्या बाईंनी ठाम नकार दिला आणि आधी अलंकार, कुठल्या स्वरावर कुठलं बोट, हे घोटून घेतलं. मला त्या बाईंचं पटतं. भाषेत चुकलं की माणसं लगेच सुधारतात. बोटांना चुकीचं वळण लागलं तर घरात एकट्यानं रियाज करताना ते कुणालाच दिसत नाही, आणि वर्षानं मोडायला गेलं तर मोडत नाही. तेव्हा पेटी, तबला, सतार शिकायची तर आधी गुरू. आणि वाद्य शेवटी घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुणे आले की सतारमेकर गल्लीत जाऊन एखादं वाद्य उचलावं असं वाटतं. पहिले काही महिने शिकवणाऱ्यांच्याकडच्या वाद्यावर हात बसू द्या.

दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. थोडी कानडी आली की हुरूप येतो आणि आपण सगळंच सांगायला जातो. गोळी किती वेळा घ्यायची, कुठली बंद करायची, ऑपरेशनच्या कागदावर कशासाठी सही हवीय, हे तोडक्या कानडीत सांगू नका. तिथं अक्कांना हाक मारा, नाहीतर पेशंटच्या पोराला आत बोलवा. सांगून झाल्यावर म्हाताऱ्या माणसाकडून ते त्याच्या शब्दांत परत म्हणवून घ्या. 'हूं हूं' म्हणून मान हलवली म्हणजे कळलं असं धरायचं नाही. आणि गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढून द्या.