जुनी जीप, अ‍ॅम्बेसेडर घेतली? आधीच्या मालकाचे जुगाड काढताना या चुका टाळा

आपल्या विदर्भात गावाकडं जुनी गाडी म्हणजे महिंद्राची जीप, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर प्रीमियर पद्मिनी. या गाड्यांनी संत्री वाहिली, वराती वाहिल्या, बाजाराच्या दिवशी टपावर माणसं बसवून नेली, अन् रस्त्यात बंद पडली तर पार्ट यायचा अमरावती नाहीतर नागपूरवरून, तोवर मिस्त्री हाताशी जे असंल त्यानं गाडी चालू करून द्यायचा. बाइंडिंग तार, सायकलची ट्यूब, एमसील, बारदान्याची सुतळी. नवा मालक बोनट उघडते, डोक्याला हात लावते अन् पहिल्याच रविवारी सगळं उपटून फेकते. पहिली चूक इथंच होते भाऊ. जुगाड काहून केला होता ते आधी शोधा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मग हात लावा. तार काढल्यानं दुखणं जात नाही, फक्त ते कुठं होतं याचा पत्ता जाते.

फ्यूजचंच घ्या. एका अ‍ॅम्बेसेडरमध्ये काचेच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली पाहिली. मालकानं ती काढून नवा फ्यूज बसवला, पहिल्याच वळणावर उडाला, दुसरा बसवला, तोही उडाला, मग वैतागून त्यानं जास्त अ‍ॅम्पिअरचा टाकला, म्हणजे चांदीचाच मोठा भाऊ. खरी भानगड एका वायरीत होती, स्टेअरिंगच्या नळीत घासून तिचं कव्हर गेलं होतं अन् स्टेअरिंग वळवलं का ती बॉडीला टेकायची. अशा वेळी फ्यूज जाळत बसू नका, फ्यूज काढून त्या जागी इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. त्या लाइनीवरचं बाकी सगळं बंद ठेवा. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे, मग एकेक वायर हलवत जा, स्टेअरिंग फिरवा, जिथं हात लावल्यावर बल्ब विझते तिथं दुखणं. ही एक तपासणी झाल्याशिवाय जुन्या वायरिंगची गाडी रात्री घराला लागून उभी करू नका, बॅटरीची एक वायर काढून ठेवा.

ब्रेकमध्ये तं जुगाड दिसतही नाही. चाकाचा सिलेंडर गळत होता म्हणून त्या चाकाची पाइपच ठोकून चपटी करून टाकलेली असते, गाडी थांबते पण एका बाजूला ओढते, अन् लोक अलाइनमेंट करत बसतात. गाडी जॅकवर घ्या, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा, एकाला पेडल दाबायला सांगा अन् चाक हातानं फिरवून पाहा, चारही चाकं एकेक करून. जे फिरते तिथं पाइप पाहा. दुसरं म्हणजे ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल टाकलेलं असते. मास्टर सिलेंडरमधलं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडं ढकलते त्या सिलेंडरच्या डब्यातलं, थोडं काचेच्या ग्लासात काढून त्यात पाणी टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, इंजिन ऑइल वर तरंगते. तरंगलं तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, त्यानं आतले रबर फुगतात, सगळे किट अन् होजपाइप बदला, इथं पैसे वाचवू नका.

आता रेडिएटर. गळती थांबवायला हळद टाकायचा जुगाड सगळ्यांना माहीत आहे, त्यानं बारीक गळती थांबते हे खरं, पण तीच हळद नळ्यांमध्येही बसते. मग गाडी तापते, मग मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईतो रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा वॉल्व्ह) काढून फेकते, तरी तापते, शेवटी टेम्परेचर मीटरची वायरच काढून टाकतात म्हणजे काटा दिसायलाच नको. म्हणून मीटरचा काटा कायम खाली पडलेला असला का खूश होऊ नका. आमच्याकडं चंद्रपूर-अकोल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, तिथं असं रेडिएटर टिकत नाही. रेडिएटरवाल्याकडं टाकी खोलून नळ्यांमधून रॉड मारून घ्या, त्यानंतर थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला का हिवाळ्यात इंजिन लवकर गरमच होत नाही अन् पेट्रोल जास्त पिते.

नटबोल्टची गंमत वेगळीच. अ‍ॅम्बेसेडर अन् जुन्या जीपला इंची आटे, पद्मिनीला मिलिमीटरचे. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, त्यामुळं 8 मिमीचा बोल्ट त्या भोकात दोन-तीन फेरे छान जाते अन् मग अडते, कारण आट्यांचं अंतर वेगळं. तिथं पान्ह्याला पाइप लावून जोर करणारा कुणीतरी तुमच्या आधी होऊन गेलेला असतेच, तुम्ही तेच करू नका, काढा अन् आटे मोजा. विलीज जीपच्या (महिंद्राची जुनी जीप जिच्यावरून बनली ती) डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात हेही ध्यानात ठेवा, नाहीतर सोडवता सोडवता स्टडच तुटते.

पेट्रोल टाकीला गळती थांबवायला साबण फासलेला दिसला तर टाकी काढून दुरुस्तीला द्या, पण रिकामी आहे म्हणून तशीच वेल्डिंगला देऊ नका, आतल्या वाफेनं स्फोट होते.

सगळेच जुगाड वाईट नसतात हेही सांगतो. सायलेन्सर टांगायला ट्रॅक्टरच्या टायरचा कापलेला पट्टा असंल तर राहू द्या, माझ्या मते बाजारातल्या स्वस्त रबरापेक्षा तो बरा.

सर्वात मोठा जुगाड मात्र कागदावर सापडते. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाड्या लय आहेत, अन् आरसीवर जुनाच इंजिन नंबर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असा बदल परवानगीनं नोंदवावा लागते. 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात पाहिजे. म्हणून पैसे द्यायच्या आधी आरसी हातात घेऊन इंजिन अन् चेसिस दोन्ही नंबर जुळवा. चेसिस नंबरवर रंगाचे थर चढलेले असतात, सोबत चिंधी अन् थोडं थिनर न्या, पण ग्राइंडर लावू नका, नंबरच घासला गेला तं आरटीओत उत्तरं देत बसाल.