एआरटी केंद्रात हिपॅटायटिस बी आणि सीचा माग कसा ठेवावा

एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रातल्या, व्हाइट कार्डावर (रुग्णाच्या उपचार-नोंदीवर) 'हिपॅटायटिस: निगेटिव्ह' एवढंच लिहिलेलं असेल तर ते कधीचं, हे आधी शोधा. दर रुग्णामागे एक पान ठेवा आणि प्रत्येक तपासणीला नवी ओळ द्या: तारीख, तपासणी, आकडा, एकक, लॅब, त्या दिवशी चालू असलेल्या गोळ्या. जुनी ओळ खोडू नका. दोन ओळींमधला फरकच तर पाहायचा असतो.

पहिल्या भेटीत एचबीएसएजी (बीच्या लागणीची तपासणी), अँटी-एचसीव्ही (सीची अँटीबॉडी), एसजीपीटी आणि एसजीओटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारी एन्झाइम्स), प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी). 'हिपॅटायटिस झाला होता का?' विचारलंत तर बरेच जण नाही म्हणतील. 'पांढरी कावीळ' म्हटलं की आठवतं. बीची लस नुकतीच टोचली असेल तर तीन आठवडे थांबा, नाहीतर लसीमुळेच एचबीएसएजी पॉझिटिव्ह येऊ शकतो. खरा पॉझिटिव्ह आला तर सहा महिन्यांनी पुन्हा करा. तेव्हाही तसाच असेल तर 'जुनाट' लिहा. निगेटिव्ह असलेल्यांना लस द्या आणि शेवटच्या डोसनंतर 1 ते 2 महिन्यांनी अँटी-एचबीएस (बीपासून वाचवणारी अँटीबॉडी) बघा. ते दर मिलिलिटरला 10 मिलि-आययूच्या खाली असेल तर लस लागू पडलेली नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळ्यांत. टीएलडी या एचआयव्हीच्या एकत्रित गोळीमध्ये टेनोफोविर 300, लॅमिवुडिन 300 आणि डोलुटेग्राविर 50 मिलिग्रॅम असतं. यातली पहिली दोन बीचा विषाणूही दाबून ठेवतात. माणूस ऊसतोडीला गेला, दोन महिने गोळ्या चुकल्या, की बी उसळतो आणि एसजीपीटी शेकड्यांत जातं. किडनीसाठी टेनोफोविर काढावं लागलं तरी बीवर चालणारं दुसरं औषध, उदाहरणार्थ एन्टेकाविर, आधी ठरायला हवं. लॅमिवुडिन एकटं पुरत नाही. बी-पॉझिटिव्ह पानाच्या डोक्यावर हे लाल शाईने लिहा. एआरटीच्या पहिल्या तीन महिन्यांत एसजीपीटी वाढलं तर ते प्रतिकारशक्ती सावरल्यामुळेही असू शकतं. गोळ्या परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सीची अँटीबॉडी बरं झाल्यावरही राहते, म्हणून ती पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. आरएनए करा, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का ते कळतं. सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) 100च्या खाली असेल आणि एसजीपीटी चढं असेल तर अँटीबॉडी निगेटिव्ह असतानाही आरएनएच करा. उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तर रुग्ण बरा. सुईने नशा करणाऱ्यांत पुन्हा लागण होते, त्यांचा आरएनए दरवर्षी तरी हवाच. सीच्या गोळ्यांआधी एचबीएसएजी बघितलाच पाहिजे, नाहीतर सी जाताना बी डोकं वर काढतो.

लिव्हरसाठी एप्री, म्हणजे लिव्हर किती कडक झालं आहे याचा अंदाज देणारा आकडा, काढा: एसजीओटी भागिले लॅबची वरची मर्यादा, गुणिले 100, भागिले प्लेटलेट (हजारांत). एसजीओटी 96, मर्यादा 40, प्लेटलेट 1.2 लाख, म्हणजे 120: उत्तर 2. प्लेटलेटच्या जागी 1.2 टाकलंत तर 200 येतं, आणि ही चूक रोजची आहे. एसजीओटी उसळलेलं असताना एप्री खोटा फुगतो, तेव्हा ते उतरल्यावर पुन्हा मोजा. सिऱ्हॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) ठरला की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सी बरा झाला असला तरी.