इको साउंडर आणि स्पीड लॉग कसा वापरायचा: बेळगाव-खानापूरकडच्या नवीन कॅडेट पोरांसाठी

आपल्याकडं भरती म्हटली की पहिल्यापासून मराठा रेजिमेंटल सेंटर, समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं, त्यामुळं मर्चंट नेव्हीत निघालेल्या पोराला घरात विचारायला कोण नसतंय. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जहाजावर सगळी मॅन्युअलं इंग्रजीत. मॅन्युअलमध्ये बटणं कुठली कुठं ते असतंय, पण स्क्रीनवरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते नीट कोण सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खोली असो की स्पीड, आकडा बघितला की दोन प्रश्न विचारायचे: हे कुठून मोजलंय आणि कशाच्या मानानं मोजलंय. हे दोन प्रश्न न विचारता आकडा सांगणारा कॅडेट बघितला की मला भीती वाटते, खरंच.

आधी खोली, म्हणजे इको साउंडर. जहाजाच्या बुडाला ट्रान्सड्यूसर बसवलेला असतो, तो खाली आवाजाची पल्स सोडतो, ती समुद्राच्या तळाला आपटून परत येते, मशीन वेळ मोजतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरलेला असतो, वेळेला त्यानं गुणायचं आणि जाऊन-येऊन अंतर म्हणून निम्मं करायचं, एवढंच गणित. बऱ्याच सेटवर ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सी असतात, उथळ पाण्यात २०० घ्यायची, चित्र बारीक येतं, खोल पाण्यात ५० घ्यायची कारण ती लांब पोचते. सोलासच्या (जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमानं ३०० ग्रॉस टनाच्या वरच्या जहाजांना आणि सगळ्या पॅसेंजर जहाजांना इको साउंडर पाहिजेच, आणि त्याला २ मीटरपासून २०० मीटरपर्यंत मोजता आलं पाहिजे.

चालू करायच्या आधी चार्ट (समुद्राचा नकाशा) बघ. हे कोण करत नाही आणि इथंच घोळ होतो. चार्टवर खोली १४ दिसत असेल तर २० किंवा ५० ची रेंज लावायची, १८० असेल तर २०० ची, म्हणजे मशीन काय दाखवणार ते आधी डोक्यात पाहिजे आणि मग मशीन ते दाखवतंय का बघायचं. पॉवर दिली, रेंज लावली, मग गेन (परत येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते). गेन हळूहळू वाढवत न्यायचा, स्क्रीनवर बारीक ठिपके ठिपके यायला लागले की थोडा मागं घ्यायचा. लई कमी ठेवलास तर मऊ चिखलाचा तळ दिसणारच नाही, लई जास्त ठेवलास तर सगळी स्क्रीन कचऱ्यानं भरते आणि मशीन त्यातलाच एखादा ठिपका तळ म्हणून पकडून बसतं. ऑटो मोड असतो, चांगला असतो, पण बंदरात शिरताना ऑटोवर टाकून कॉफी प्यायला जाऊ नको.

आता मोठा आकडा काय म्हणतोय ते. सेटिंगमध्ये तीन प्रकार असतात: ट्रान्सड्यूसरखाली, कीलखाली (जहाजाच्या सगळ्यात खालच्या कण्याखाली), आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून. तिसऱ्या प्रकारात तू सेटिंगमध्ये टाकलेला ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडालंय ते) मशीन मिळवून दाखवतं. आता समज मागच्या व्हॉयेजला जहाज भरलेलं होतं, ड्राफ्ट १०.८ टाकलेला होता, माल उतरवला, जहाज ७ मीटरवर आलं आणि ड्राफ्ट कोणी बदलला नाही, तर आकडा सरळ ३.८ मीटरनं चुकीचा, तोही जास्त खोली दाखवणारा. म्हणून वॉच (ब्रिजवरची पाळी) घेताना पहिलं बघायचं की मोड कुठला आहे आणि ड्राफ्ट आजचा आहे का. बहुतेक मेट लोक (जहाजावरचे अधिकारी) कीलखालचाच आकडा पसंत करतात आणि मलाही तेच बरोबर वाटतं, कारण बंदरात शिरताना जहाजाच्या खाली किती पाणी आहे हेच पाहिजे असतंय, पृष्ठभागापासूनचं नाही.

एक उदाहरण करून बघू. चार्टची खोली १४ मीटर, भरतीची उंची ३.३, एकूण पाणी १७.३. जहाजाचा पुढचा ड्राफ्ट १०.८, मागचा ११.६. ट्रान्सड्यूसर पुढं बसवलेला आहे, तर पुढं १७.३ वजा १०.८ म्हणजे ६.५ मीटर यायला पाहिजे, मशीन ६.४ दाखवतंय, म्हणजे ठीक. पण मागचं टोक ०.८ मीटर जास्त बुडालंय की, तिथं खाली ५.६ च आहे, आणि पायलटनं (जहाज बंदरात न्यायला येणारा वाटाड्या) विचारलं तर ६.४ सांगून मोकळं व्हायचं नाही. त्यात परत स्क्वॉट, उथळ पाण्यात स्पीड वाढवला की जहाज खाली बसतं, आणि ते साधारण स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे स्पीड निम्मा केला तर स्क्वॉट पाव होतो. पायलट "स्लो अहेड" का म्हणतो ते आता कळलं असेल.

इको साउंडर सरळ खाली बघतो, पुढं नाही. समोर खडक असेल तर तो खडकावर गेल्यावरच सांगणार. म्हणून आकडा एकटा बघायचा नाही, ट्रेस (स्क्रीनवर सरकत जाणारी तळाची रेघ) बघायचा, खोली कमी होत चाललीय का, किती वेगानं, आणि चार्टवरच्या कंटूर रेषेवर (सारख्या खोलीची रेघ) आपण पोचलो तेव्हा मशीनलाही तीच खोली आली का. जीपीएस चुकलाय का हे पकडायला असा दुसरा स्वस्त उपाय नाही. स्क्रीनवर १५ मिनिटांचा ट्रेस दिसलाच पाहिजे असा नियम आहे आणि मागचे १२ तास रेकॉर्ड राहिले पाहिजेत. पोर्ट स्टेट कंट्रोलचा (परदेशी जहाजं तपासणारं बंदराच्या देशाचं खातं) इन्स्पेक्टर ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) आला तर थर्ड मेटला म्हणतो, मागच्या १२ तासांची हिस्टरी काढून दाखव. तेव्हा मेनू शोधत बसायला लागू नये म्हणून निवांत असताना दोन-चार वेळा काढून बघून ठेव.

खोटे इको. इथं जरा थांबू, कारण नवीन पोरं इथंच घाबरतात. उथळ आणि टणक तळ असला की आवाज तळाला आपटून वर येतो, जहाजाच्या बुडाला किंवा पृष्ठभागाला आपटून परत खाली जातो आणि परत वर येतो, मग स्क्रीनवर १० मीटरला एक रेघ, २० ला दुसरी, ३० ला तिसरी. वरची पहिली रेघ खरी. गेन कमी केलास की खालच्या रेघा फिकट होतात. याच्या उलट भानगड खोल पाण्यात होते. समज मशीन उथळ रेंजवर मिनिटाला १८० पल्स सोडतंय, म्हणजे सेकंदाला ३, म्हणजे दोन पल्समध्ये आवाज २५० मीटर खोलीपर्यंत जाऊन येऊ शकतो. खरी खोली २६५ असली तर इको परत यायच्या आत पुढची पल्स सुटलेली असते, आणि मशीनला वाटतं हा इको या नवीन पल्सचा, स्क्रीनवर १५ मीटर! गोव्याच्या बाहेर शेल्फ (किनाऱ्यालगतचा उथळ तळ) संपून तळ भराभर खाली जातो, तसल्या ठिकाणी उथळ रेंज ठेवून दिली तर रात्री अलार्म वाजणार आणि कॅप्टन साहेब झोपेतून उठून येणार. उपाय सोपा, रेंज बदलून बघायची. खरा तळ असेल तर आकडा तोच राहतो, खोटा असेल तर इकडंतिकडं होतो किंवा गायब होतो. पण चार्ट बघितल्याशिवाय "खोटा आहे" म्हणून अलार्म दाबून टाकायचा नाही.

माशांचे थवे, प्लँक्टनचे थर हेपण खोटा तळ दाखवतात, ते दिवसा खाली असतात आणि रात्री वर येतात. आणि बुडबुडे. इंजिन अस्टर्न (उलटं) मारलं की प्रोपेलरचं फेसाळलेलं पाणी बुडाखाली येतं, ट्रान्सड्यूसरला काही ऐकू येत नाही, आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. खराब हवामानात बॅलास्टवरच्या (माल नसलेल्या) जहाजाचंही तसंच होतं, बो (पुढचं टोक) आपटत असतो. तेव्हा मशीन बिघडलं म्हणून इलेक्ट्रिशियनला उठवू नको.

आवाजाचा वेग १५०० धरलाय म्हणालो, तो सगळीकडं १५०० नसतो. मे महिन्यातल्या अरबी समुद्रात, गरम आणि खारट पाण्यात, तो १५४५ च्या आसपास जातो, म्हणजे मशीन २० म्हणालं तर खरं २०.६, चूक आपल्या फायद्याची. आपल्या राकसकोपच्या गोड्या पाण्यात उन्हाळ्यात मोजलं तर जवळपास बरोबर येईल. पण जानेवारीत एल्ब नदीतून हॅम्बुर्गला जाताना पाणी गोडं आणि ५ डिग्रीचं, तिथं वेग १४२६ च्या आसपास, मशीन २० म्हणतं आणि खरं पाणी १९ च असतं. ही चूक अंगावर येणारी आहे. थंड आणि गोडं पाणी आलं की आकड्यातून काहीतरी कापायचं, एवढं लक्षात ठेव.

अलार्म किती मीटरला लावायचा ते पॅसेज प्लॅनमध्ये (प्रवासाचा आधी केलेला आराखडा) लिहिलेलं असतं, नसेल तर सेकंड मेटला विचार. खोल समुद्रातली सेटिंग तशीच ठेवून चॅनलमध्ये शिरलं की तो सतत बोंबलतो, मग कोणीतरी वैतागून बंद करतो, आणि बंद केलेला अलार्म परत चालू करायला कुणाला आठवत नाही. प्लॅनप्रमाणं सगळ्यात कमी पाणी जेवढं अपेक्षित आहे त्यापेक्षा जरासा कमी आकडा लावला तर जेव्हा वाजायला पाहिजे तेव्हाच वाजतो.

आता स्पीड, म्हणजे स्पीड लॉग. २०१९ च्या महापुरात चिकोडी, अथणीकडं कृष्णेत बचावाच्या बोटी चालवताना बघितलं असशील. प्रवाहाच्या विरुद्ध इंजिन फुल्ल, पाणी बोटीच्या बाजूनं सपासप मागं जातंय, आणि काठावरचं झाड मात्र तिथल्या तिथं. बोटीचा पाण्यातला स्पीड भरपूर, जमिनीच्या मानानं शून्य. स्पीड लॉगचं सगळं एवढ्यात आलं. पाण्याच्या मानानं तो एसटीडब्ल्यू, जमिनीच्या मानानं तो एसओजी. लॉग १२.५ नॉट दाखवतोय, जीपीएस १०.८, आणि हेडिंग (जहाजाचं तोंड) आणि कोर्स (प्रत्यक्ष जायची दिशा) एकच आहे, तर साधारण १.७ नॉटचा प्रवाह समोरून आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, एकाला चुकीचा ठरवायची गरज नाही. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, घरच्यांना सांगताना उपयोगी पडतं, १२ नॉट म्हणजे साधारण २२ किलोमीटर. हे ऐकून गावाकडची माणसं हसतात, एवढ्या स्पीडनं तर लाल बस जाते म्हणतात.)

लॉग दोन प्रकारचे भेटतील. इलेक्ट्रोमॅग्नेटिक लॉग बुडाखाली चुंबकीय क्षेत्र तयार करतो, त्यातून पाणी वाहिलं की बारीक व्होल्टेज तयार होतं, स्पीडच्या प्रमाणात. तो फक्त पाण्यातला स्पीड सांगतो. काही जहाजांवर त्याचा सेन्सर रॉडसारखा खाली काढलेला असतो, तो उथळ पाण्यात आणि ड्राय डॉकच्या (जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करायची गोदी) आधी वर ओढून घ्यायचा असतो, चेकलिस्टमध्ये असतं, नुसती टिक मारू नको, खाली जाऊन बघ. दुसरा डॉप्लर लॉग, तो पुढं आणि मागं तिरके आवाजाचे बीम सोडतो आणि परत येणाऱ्या आवाजाची फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरून स्पीड काढतो, दोन्हीकडं बीम असल्यामुळं जहाज हेलकावलं तरी चूक बरीचशी एकमेकात वजा होते. तळ साधारण २०० मीटरच्या आत असेल तर तो तळाच्या मानानं मोजू शकतो, त्यापेक्षा खोल गेलं की आपोआप पाण्यावर जातो, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात फक्त दोन अक्षरं बदलतात, बीटीचं (बॉटम ट्रॅक, तळाच्या मानानं) डब्ल्यूटी (वॉटर ट्रॅक, पाण्याच्या मानानं) होतं. ती दोन अक्षरं वाचायची सवय लाव. ५० हजार ग्रॉस टनाच्या वरच्या जहाजांना जमिनीच्या मानानं पुढं-मागं आणि आडवा, दोन्ही स्पीड दाखवणारं यंत्र लागतं, बर्थिंगच्या (जहाज जेटीला लावायच्या) वेळी जेटीकडं आपण किती सरकतोय हे पायलट त्याच्यावरच बघत असतो, बो किती आणि स्टर्न (मागचं टोक) किती. तेव्हा त्याच्यापुढं उभं राहू नको.

रडारला कुठला स्पीड द्यायचा? दुसऱ्या जहाजाला चुकवायचं असेल तर पाण्यातला. कारण टक्कर टाळायचे नियम समोरच्याचं तोंड कुठं आहे, त्याची कुठली बाजू दिसते यावर चालतात, आणि प्रवाहात एसओजी दिला की आर्पाच्या (रडारवर दुसऱ्या जहाजांचा माग काढणारी यंत्रणा) वेक्टरवरून (दिशा-वेग दाखवणारा बाण) समोरचा वेगळ्याच दिशेनं चालल्यासारखा वाटतो. एआयएस (जहाजाची माहिती आपोआप पाठवणारं यंत्र) मात्र एसओजी पाठवतो, म्हणून आर्पा आणि एआयएसचे आकडे थोडे वेगळे आले की गोंधळायचं नाही. लॉग बंद पडला म्हणून जीपीएसचा स्पीड एसटीडब्ल्यूच्या जागी घालून गप्प बसणं हा आळशीपणा आहे, घातलास तर निदान सगळ्या वॉचकीपरना सांग आणि लिहून ठेव.

लॉग बरोबर आहे का हे कसं बघायचं? त्याला २ टक्के किंवा ०.२ नॉट, यातलं जे जास्त असेल तेवढी चूक माफ आहे. प्रवाह नाही अशा ठिकाणी जीपीएसशी ताडून बघ, प्रवाह असेल तर एकदा जाताना आणि एकदा येताना असं दोन्हीकडून बघितलं की प्रवाह वजा होऊन जातो. अँकरवर डॉप्लर बॉटम ट्रॅकला शून्य पाहिजे आणि वॉटर ट्रॅकला प्रवाहाएवढा आकडा आला तर तो बिघाड नाही. हळूहळू आकडा कमी कमी येऊलालाय असं वाटलं तर सेन्सरवर शेवाळ-शिंपले बसलेत का ही पहिली शंका घ्यायची.

जाता जाता ड्राय डॉकचं. रंगारी जहाजाच्या बुडाला स्प्रे मारत जातात, त्यांना ट्रान्सड्यूसर आणि पत्रा यातला फरक दिसत नाही. तोंडावर रंगाचा जाड थर बसला की आवाज बाहेर पडत नाही आणि हे कळतं पाणी सोडल्यावर, तेव्हा काही करता येत नाही. रंग चालू व्हायच्या आधी दोन्ही सेन्सर कागद आणि टेपनं झाकून घ्यायचे, फोटो काढायचा, आणि पाणी आत सोडायच्या आधी स्वतः खाली उतरून तो कागद काढलाय का ते बघायचं, कारण झाकलेला कागद तसाच राहिलेली जहाजंपण असतात.