हिमॅग्लुटिनिनची पट्टी दिसेना: माझा अनुभव

पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत एच१एन१ या फ्लूच्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन (एचए) या पृष्ठभागावरील प्रथिनासाठी आणलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडीने (प्रथिनावरची एकच ठरावीक जागा ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधण्याच्या चाचणीत, तीन आठवडे एकही पट्टी दाखवली नाही, आणि मी उगाच मे महिन्यातल्या वीजकपातीला व तापलेल्या फ्रीजला दोष देत राहिलो. त्याच कुपीतील अँटिबॉडीने इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (चमकणाऱ्या रंगाने पेशीतले प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) विषाणूने संसर्गित एमडीसीके पेशी (कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) लख्ख हिरव्या उजळल्या, तेव्हा उलगडा झाला की ती प्रथिनाची त्रिमितीय घडी ओळखते आणि एसडीएस (प्रथिने उलगडणारे डिटर्जंट) घालून नमुना ९५ अंशांवर तापवताना मी ती घडीच मोडत होतो. मग उलगडलेल्या प्रथिनालाही चिकटणारी, हिमॅग्लुटिनिनच्या एचए२ या तुकड्याविरुद्धची पॉलिक्लोनल (अनेक जागा ओळखणारी) अँटिबॉडी वापरली. सुमारे ७५ किलोडाल्टनवर (प्रथिनाच्या वजनाचे एकक) एचए०, म्हणजे न तुटलेले अखंड हिमॅग्लुटिनिन, आणि २५ च्या आसपास एचए२ स्पष्ट उमटले. जुन्या कुपीच्या माहितीपत्रकात वेस्टर्न ब्लॉटचा उल्लेखच नव्हता, हे मी नंतर वाचले.