ट्रायमेथिलइंडियमचा बबलर जोडण्याआधी

गॉगल, अग्निरोधक कोट, हातमोजे, सोबतीला दुसरा माणूस: हे सांगायला नको. धातूच्या आगीवरची पावडर किंवा कोरडी वाळू हाताशी हवी. पाणी अजिबात नाही. ट्रायमेथिलइंडियम, म्हणजे लेसर-एलईडीच्या थरांना इंडियम पुरवणारं हे संयुग, हवा लागताच पेटतं आणि पाण्याशी जोरात भिडून मिथेन सोडतं.

आता बबलरपासून (संयुग भरलेला डबा, ज्यातून वायू सोडून वाफ उचलतात) रिअ‍ॅक्टरपर्यंतची नळी गरम करणं. मागच्या वेळी हेच राहिलं होतं, म्हणून बाकी सगळ्याच्या आधी हे करा. ट्रायमेथिलइंडियम स्थायू आहे, 88 अंशांला वितळतं. आपण ते वितळवत नाही, कापरासारखं थेट वाफेत नेतो. 20 अंशांला त्याचा बाष्पदाब जेमतेम पावणेदोन टॉर (दाबाचं एकक), 30 अंशांला दुपटीहून जास्त. बाथ (बबलर ज्यात बुडवतो तो ठरावीक तापमानाचा द्रव) 30 वर आणि नळी खोलीच्या 22 वर असेल, तर वाफ वाटेतच गोठते. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक पांढरे स्फटिक धरतात आणि फ्लो कंट्रोलर मात्र बरोबर आकडा दाखवत राहतो, कारण तो फक्त कॅरिअर गॅस, म्हणजे वाफ वाहून नेणारा वायू, मोजतो. थरात इंडियम कमी पडलंय हे वेफर (ज्यावर थर चढतो ती चकती) बाहेर आल्यावर कळतं.

हीटिंग टेप सरळ नळीवर गुंडाळून भागत नाही. कोपरे, व्हॉल्व्ह, फिल्टर, सगळं झाका. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सर्वांत थंड जागी लावा, सोयीच्या जागी नको. नळी बाथपेक्षा गरम. कायम.

बाथचं तापमान स्थिर होऊ द्या, घाई नको: एका अंशाने बाष्पदाब सुमारे 8 टक्क्यांनी हलतो. बबलर बराच वापरलेला असेल तर आतल्या दाण्यांत गॅसला आडवाट सापडते आणि वाफ कमी उचलली जाते. अल्ट्रासॉनिक सांद्रतामापक (गॅसमधलं वाफेचं प्रमाण मोजणारा) असेल तर त्यावरच विश्वास ठेवा.

लीक टेस्ट हेलियमने, प्रत्येक सांध्याची. एवढंसं ऑक्सिजन किंवा पाण्याचं बाष्प आत गेलं तरी लेसर किंवा एलईडीचा थर बिघडतो. इंडियम फॉस्फाइड करायचं असेल तर फॉस्फिनचा डिटेक्टर आणि स्क्रबर (बाहेर जाणारा विषारी वायू शोषणारं यंत्र) आधी तपासा. तो वायू जीवघेणा आहे. इंडियम गॅलियम नायट्राइडसाठी कॅरिअर नायट्रोजन घ्या, हायड्रोजनने इंडियम थरात टिकत नाही.

बबलर काढताना: दोन्ही व्हॉल्व्ह बंद, व्हॅक्यूम आणि नायट्रोजनची पुरेशी आवर्तनं (पर्ज), मगच पाना. तोवर टेप चालूच ठेवा. थंड नळीत अडकलेले स्फटिक पर्जने निघत नाहीत, सांधा उघडताच पेटतात.